आधी पक्का, मग कच्चा

आमच्या वर्गातली मुलं आधी पक्की प्रत लिहितात आणि मग बसून तिचा कच्चा खर्डा तयार करतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता हसू येत नाही, कंटाळा येतो.

वसईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. अकरावीला लेखनाची फाइल असते. विषय मिळाला की आधी मुद्दे काढायचे, मग कच्चा खर्डा लिहायचा, त्याच खर्ड्यावर वेगळ्या शाईने दुरुस्त्या करायच्या आणि शेवटी पक्की प्रत. माणूस एका दमात लिहीत नाही, खोडत खोडत लिहितो, हे मुलांना कळावं अशी त्यामागची कल्पना. विभागाच्या बैठकीत ती मीच मांडली होती, हौसेने. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला ते दर वर्षी फाइलींच्या गठ्ठ्यांनी चुकवावं लागतं.

मुलांचा निबंध येतो कुठून, हे विचारू नये. कुणाचा मोबाइलमधून, कुणाचा गाइडमधून, कुणाचा मोठ्या भावाच्या जुन्या फाइलीतून. तो छान अक्षरात पक्क्या प्रतीवर उतरतो. मग कॅन्टीनमध्ये बसून खर्डा बनतो. चांगलं वाक्य घ्यायचं, त्यात एक चूक घालायची, ती लाल पेनाने खोडायची आणि वर पुन्हा मूळचाच शब्द लिहायचा. पट्टी लावून केलेली खाडाखोड मी पाहिली आहे. एकाने तर खर्ड्यावर चहा सांडून आणला होता. विचारलं तर म्हणाला, "बाई, विचार करता करता सांडला." मी त्याला एक गुण जास्त दिला. त्या फाइलीत तेवढी एकच गोष्ट त्याची स्वतःची होती.

रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. एका वर्षी सगळ्यांना वर्गातच बसवून लिहायला लावलं. अर्धा वर्ग कोऱ्या कागदाकडे बघत राहिला आणि उरलेला अर्धा त्या अर्ध्याकडे. पोरांचा तरी काय दोष? लहानपणापासून वहीत खाडाखोड केली म्हणून पानं फाडून टाकलेली, आणि आता बाई म्हणतात, खोडलेलं दाखव. त्यांना वाटतं, ही काहीतरी नवीन युक्ती असणार. मी वर्गातून बाहेर पडते तेव्हा माझा घसा बसलेला असतो आणि गुडघे बोलत असतात.

अशाच एका वर्षी वसईजवळच्या होळी नावाच्या गावातली एक मुलगी वर्गात होती. घरची वाडी, वाडीत मोगरा आणि थोडी भाजी. ती कधी फार बोलली नाही, पण कधी उशिराही आली नाही. विषय होता 'आमच्या घरातली सकाळ'. बाकीच्यांच्या सकाळी सारख्याच होत्या. सगळ्यांच्या घरी पक्षी किलबिलत होते आणि आई देवघरात दिवा लावत होती. वसईत एवढे पक्षी आता राहिलेत कुठे, देव जाणे.

तिच्या पक्क्या प्रतीत लिहिलं होतं: 'कळी मिटलेली असतानाच खुडावी लागते. उमललेल्या फुलाला बाजारात कोणी विचारत नाही. आई आणि मी, आम्ही दोघी समोरासमोरच्या ओळींत असतो. अंधारात तोंड दिसत नाही, नुसते हात ऐकू येतात.'

मी ते दोनदा वाचलं. मग फाइल उलटून पाहिली. मुद्दे नाहीत, खर्डा नाही. नुसती पक्की प्रत. मी तिला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं.

"खर्डा कुठाय? हरवलास?"

"केलाच नाही, बाई."

"मग हे एकदम लिहिलंस?"

"नाही. आईला सांगते ना."

हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं ते असं. सकाळी कळ्या खुडताना ती आईला जे लिहायचं ते सांगते. आई हात न थांबवता ऐकते आणि मध्येच म्हणते, असं नव्हतं झालं. किंवा म्हणते, हे कशाला सांगतेस, काढ. किंवा, मग कळ्यांच्या पाटीचं राहिलंच की. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. आईचं बोलणं थांबलं की मग घरी येऊन लिहिते. तोवर खोडायला काही उरलेलं नसतं.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कुणाला शिकवता आलं नाही, ते ही मुलगी रोज उजाडायच्या आत करत होती. मला तिचं भयंकर कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर थकवा आला. कारण अख्ख्या वर्गात खरा खर्डा तिचा एकटीचा होता आणि फाइलीला लावायला तोच नव्हता.

पर्यवेक्षकांकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तपासणीला येणारा माणूस वाडीत जाऊन बसणार आहे का? खर्डा नाही तर गुण नाहीत. तुमचाच नियम आहे." चहा पिऊन आले.

गुण नाहीत म्हणजे ती मराठीत अडकणार होती. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग पहिल्यांदा घरचं बोलली. तिची मोठी बहीण आमच्याच कॉलेजात होती. तिने घरी न विचारता लग्न केलं, सातिवलीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कोणी घेत नाही. वडिलांच्या लेखी सगळा दोष कॉलेजचा. धाकटीला त्यांनी पाठवलं ते आईने लावून धरलं म्हणून, आणि एका अटीवर.

"एक वर्ष जरी मागे राहिले ना, बाई, तर पप्पा कॉलेज बंद करणार. ते बोलतात तसं करतात."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोर नवीन इमारतीला रंग देत होते. मग मी म्हणाले, "असं कर, एक खर्डा लिहून आण. सगळे करतात तसा."

"खोटा?"

"कच्चा," मी म्हणाले.

सोमवारी तिने आणून दिला. दुपारी स्टाफरूममध्ये मी गठ्ठा घेऊन बसले. वरच्या फाइलींमध्ये नेहमीचंच होतं. 'सुर्य' खोडून 'सूर्य', 'आई' खोडून 'माता'. मग तिची फाइल आली. मी सही करायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं.

तिच्या खर्ड्यात बनवलेली चूक एकही नव्हती. 'आम्ही तिघी ओळी वाटून घेतो' असं लिहिलं होतं. त्यातलं 'तिघी' खोडून वर 'दोघी' केलं होतं. खाली एक अख्खं वाक्य खोडलं होतं: 'ताईचा हात सगळ्यांत चपळ, तिची पाटी आधी भरायची आणि मग ती माझ्या ओळीत यायची.' आणखी खाली, 'आई तिला ओरडायची, कळ्या दाबू नकोस' हेही खोडलेलं. पट्टी नव्हती लावली. एकेक साधी रेघ होती.

मला समजलं ते असं, की खोटी चूक कशी करायची हे तिला सुचलंच नसावं. म्हणून रोज सकाळी आईने जे जे काढायला लावलं होतं, ते ते तिने लिहून काढलं आणि मग खोडलं. मला रडू आलं. स्टाफरूममध्ये दोघे जण परीक्षेच्या पाळ्यांवरून भांडत होते, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पुढची काळजी वेगळीच होती. पालकसभेला आम्ही सगळ्यांच्या फाइली बाकांवर उघड्या मांडतो. वडील आले आणि त्यांनी ते वाचलं तर? कागद काढून घ्यावा तर फाइल अपुरी. मी तिला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "ते आलेच तर पक्कीच वाचतील, बाई. खाडाखोड कोण वाचतं?"

खरंच होतं. मीसुद्धा वाचत नव्हते.

सभेला वडील आले नाहीत, आई आली. काम उरकून थेट आली असावी, पदराला ओल होती. माझ्या हातात तिने केळीच्या पानाची पुडी दिली, आत कळ्या होत्या. मग मुलीच्या बाकावर अंग चोरून बसली आणि पक्की प्रत ओळीखाली बोट धरून वाचू लागली. मान हलत होती. सगळं तिने ऐकलेलंच होतं.

मला एका वडिलांनी गाठलं. त्यांच्या मुलाला मराठीत कमी गुण का, याचा त्यांना जाब हवा होता. मी त्यांना उत्तर देत होते, पण माझी नजर त्या बाकावर होती. आईने पान उलटलं. बोट काही ओळी सरकलं आणि थांबलं. ते किती तरी वेळ तिथेच होतं.

मी त्या गृहस्थांना अर्ध्यात सोडून तिच्याकडे गेले.

"बाई, हे काय?" तिने विचारलं.

"कच्चा खर्डा. आधी काय लिहिलं होतं आणि मग काय बदललं, ते दिसावं म्हणून ठेवतात."

"हे मीच काढायला लावलेलं." ती कागदाकडेच बघत होती. "सकाळचा आवाज लांब जातो. ह्यांच्या कानावर जायला नको म्हणून. मला वाटलं, पोरीच्या डोक्यातनं गेलं."

मुलगी खिडकीपाशी उभी होती. जवळ आली नाही. आईनेही तिच्याकडे पाहिलं नाही. तिने खोडलेल्या वाक्यावरून बोट फिरवलं, पुसून बघावं तसं.

"खोडलं तरी वाचता येतं, नाय?"

"येतं," मी म्हणाले.

तिने पान सारखं केलं. मग विचारलं, "हे कागद तुम्ही नंतर काय करता?"

"तपासणी झाली की मुलांना परत देतो. कोणी न्यायला येत नाही. मग रद्दीत जातात."

"हा रद्दीत घालू नका. मी येईन."

तपासणी झाली. आलेल्या माणसाने फाइली वरवर चाळल्या आणि खाडाखोड भरपूर आहे म्हणून समाधान व्यक्त केलं. मुलगी बारावीत गेली. सुट्टी लागल्यावर एका दुपारी तिची आई खरंच आली. मी फाइल तिच्यापुढे ठेवली. तिने खर्डा तेवढा सोडवून घेतला, खोडलेलं आत राहील अशी घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात ठेवला.

"पक्की प्रत नको का?" मी विचारलं.

"ती ह्यांनी वाचली तरी चालावी म्हणून व्हती," ती म्हणाली. "मला एवढंच पुरे."

पक्की प्रत अजून माझ्या कपाटात आहे. ती न्यायला कोणी आलेलं नाही.