विटकरी पावणं

३ जानेवारी १९५५. वजन एकशे ब्याऐंशी पौंड, रक्तदाब एकशे सत्तर, लघवीत साखर. हजर डॉक्टर, त्यांचे कंपाउंडर आणि मी. "तीन महिन्यांत वजन उतरलं नाही तर रोज सुई," डॉक्टर म्हणाले.

कंपाउंडर लघवीची नळी औषध घालून तापवत, खिडकीपाशी धरत आणि रंग ओसरीभर पुकारत. निळी म्हणजे साखर नाही, विटकरी म्हणजे भरपूर. पेशंटचं नावही मग तेच. मी झालो विटकरी पावणं.

"इन्शुलिन हाय की तुमच्या अंगात," ते ओरडून सांगत, "पर पोट सुटल्यावर अंग त्याचं ऐकत न्हाय. साखर रक्तातच ऱ्हाती, दाब बी संगं चढतो. रोज रंकाळ्याला चाला. नळी निळी आली तर नव्या चपला माझ्याकडनं!"

मी चाललो. एप्रिलात वजन एकशे साठ, दाब एकशे चाळीस. खात्रीसाठी त्यांनी नळी दोनदा तापवली. "निळं पावणं!" सगळी ओसरी हसली.

टेबलाखालून त्यांनी माझ्या मापाच्या चपला काढल्या.

"माप कधी घेतलंत?"

"जानेवारीतच. तुमी आत होता, तवा दारातल्या जोड्यावरनं."

तपासणीचे आठ आणे मी डॉक्टरांना दिले. चपलांचे पाच रुपये कंपाउंडरनी कारागिराला जानेवारीतच देऊन टाकले होते.