नववा रकाना

मावशींची खोली म्हणजे इस्पितळातली जुनी चादरींची कोठी. चादरी गेल्या, फडताळं राहिली, आणि धुतलेल्या कापडाचा वास काही भिंतींनी सोडला नाही. एक टेबल, एक फोन, एक खिडकी. खिडकीबाहेर वाळत घातलेले हिरवे गाऊन, आत माणसं असल्यासारखे वाऱ्यावर हात हलवणारे.

एकतीस वर्षं मावशी इथल्याच वॉर्डात आया होत्या. अंगं पुसली, वेण्या घातल्या, गेलेल्यांचे डोळे मिटले. निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच मनोविकार विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना परत बोलावलं. काम असं, की जीव द्यायला निघालेली आणि वाचलेली माणसं घरी गेली की पहिले तीन महिने त्यांना दर आठवड्याला फोन करायचा. हेच महिने नाजूक, असं डॉक्टरीणबाई सांगत. घरच्यांना वाटतं झालं गेलं मिटलं, आणि लक्ष उठतं. आधी त्यांनी शिकलेल्या मुली बसवून पाहिल्या होत्या. मुली फार छान बोलायच्या. माणसं फोन ठेवून द्यायची.

मावशींचा फोन कोणी ठेवत नसे. "काय जेवलास?" त्या विचारत. "चहा? चहा काय जेवण आहे? घशाखाली घास उतरव आधी, मग मला अक्कल शिकव." पलीकडचा माणूस कधी चिडायचा, कधी हसायचा, पण लाइनवर राहायचा.

फोनसमोरच्या छापील कागदावर नऊ रकाने असत. झोप, भूक, औषधं, घरी सोबत कोण, असं करत करत शेवटचा, नववा : जीव द्यायचा विचार येतो का?

हा प्रश्न मावशींनी कधी विचारला नाही. उलट सकाळी आल्या आल्या त्या दिवसभराचे कागद पुढ्यात ओढायच्या आणि सगळ्यांच्या नवव्या रकान्यात आपल्या गोलसर अक्षरात आधीच 'नाही' लिहून ठेवायच्या. त्यात लबाडी नव्हती. घराबाहेर पडताना कडी लागली का म्हणून आपण ओढून बघतो, तसं होतं ते.

कारण जुनं होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, जीव देता देता वाचलेल्या एका तरण्याताठ्या बाईची वेणी घालताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, "पुन्हा असलं काही मनात येत नाही ना गं?" बाई नुसती हसली. घरी गेली, आणि चौथ्या दिवशी संपली. "तूच आठवण करून दिलीस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. रागाच्या भरातलं वाक्य. सिस्टर संध्याकाळपर्यंत विसरल्याही असतील. मावशींनी त्यानंतर कोणालाच ते विचारलं नाही.

एका सोमवारी डॉक्टरीणबाई कागदांचा गठ्ठा घेऊन कोठीत आल्या आणि स्टुलावर टेकल्या.

"मावशी, एकशे चाळीस माणसं. ज्या कारणासाठी भरती झाली, त्या कारणाला एकाचंही 'हो' नाही? मग आपल्याला टाळं लावून घरी जायला हरकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी गठ्ठ्यातून एक कागद बाहेर काढला. त्याचा कोपरा दुमडलेला होता.

"ह्या बाई मागच्या महिन्यात गेल्या. आदल्या आठवड्यातला कागद आहे. नववा रकाना बघा."

मावशींनी बघितला. अक्षर त्यांचंच होतं.

"विचारलं असतं तर त्या वाचल्या असत्या, असं मी म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपल्याला कळलं असतं, एवढंच."

"विचारलं की मनात शिरतं, बाई. मी बघितलंय." आणि मावशींनी पहिल्यांदाच कोणाला तरी त्या वेणीची गोष्ट सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "तिच्या मनात ते तुमच्या आधीपासून होतं, मावशी. विचारल्यानं शिरत नाही. किती जणांना विचारून तपासलंय आम्ही लोकांनी. बोलायला मिळालं तर उलट जरा सैल होतं."

मावशींना ते पटलं असं नाही. पण रात्रभर तो दुमडलेला कोपरा काही डोळ्यांपुढून हलला नाही.

मंगळवारी अकराला फ्रेमवाल्याचा फोन असे. फोटोंना चौकटी करून देणारा, चाळिशीतला, एकटा जीव. खाली दुकान, वर बहीण. हा दहावा आठवडा. सवयीनं मावशींनी सकाळीच त्याच्या कागदावर 'नाही' लिहून टाकलं होतं. लिहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"काय फ्रेमवाले, खोकला काय म्हणतो?"

"खोकला मजेत आहे, मावशी. माझंच काय ते बघा."

"ताईशी बोलतोस का?"

"ती बोलते, मी ऐकतो. छान जमतं आमचं."

"आणि काम?"

"सगळं संपवलं. एका आजोबांचा फोटो आठ महिने पडून होता, तोसुद्धा काल पोचवला. काच कापायचा हिरा शेजारच्या सुताराला देऊन टाकला. दुकान कसं लख्ख झालंय, बघायला या."

शाबास, हा शब्द मावशींच्या ओठांवर आला होता. पण एकतीस वर्षं खाटा लावलेल्या बाईला एक ठाऊक असतं. सकाळी रिकामी, नीटनेटकी दिसणारी प्रत्येक खाट बरं होऊन घरी गेलेल्याची नसते.

रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"बाबा, एक विचारते. जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?"

बाहेर गाऊन हलत राहिले. पलीकडे कुठेतरी घड्याळ चालत होतं, ते मावशींना ऐकू येऊ लागलं.

"येतो," तो म्हणाला. "रोज. आज जरा जास्तच."

"दुकानात कोण आहे?"

"मी, आणि रिकाम्या चौकटी."

"मी पण आहे. फोन ठेवायचा नाही, सांगून ठेवते." मावशींनी फूटपट्टीनं भिंत ठोठावली. शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई धावत आल्या, कागदावरचा बहिणीचा नंबर बघितला आणि तो फिरवायला तशाच उलट्या पावली गेल्या.

"दवाखान्यात पहिल्या दिवशी सगळ्यांनी विचारलं होतं," फ्रेमवाला हळूहळू बोलत होता. "मग तुम्ही नऊ आठवडे झोप विचारलीत, भूक विचारलीत. हे कधीच नाही. मला वाटलं, वाचलेल्या माणसानं ह्यावर बोलायचं नसतं."

"माझं चुकलं. मी भित्री आहे रे."

"तुम्ही? तुमचा फोन आला की आमची ताई पदर सावरून उभी राहते."

दोघंही हसले, आणि हसता हसता तो रडायला लागला. मावशींनी रडू दिलं. मग जिन्यावर चपला वाजल्या, आणि फोनवर बहिणीचा धापा टाकणारा आवाज आला. "मावशी, धरूनच आणते ह्याला. हात सोडत नाही."

दुपारी तो वॉर्डात दाखल झाला. हिरा परत द्यायला सुतार दुकानावर आला, तेव्हा बहिणीनं त्याला सांगितलं, "सध्या तुमच्याकडेच राहू द्या. तो मागेल तेव्हा मला विचारून द्या."

मावशींनी 'नाही'वर रेघ मारून शेजारी 'हो' लिहिलं. अक्षर गोल आलं नाही. मग बाकीच्या सगळ्यांच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पहिल्या कागदापासून फोन लावायला बसल्या. पहिला नंबर एका निवृत्त मास्तरांचा होता.

"काय हो मावशी, तुमचा वार तर शुक्रवार!"

"एक विचारायचं राहून गेलं होतं, मास्तर." आणि त्यांनी तो नववा प्रश्न विचारला.

पलीकडे मास्तरांनी आधी रेडिओ बंद केला. मग घसा खाकरून म्हणाले, "ह्या आठवड्यात नाही. पण शुक्रवारी पुन्हा विचारा."

"विचारणार."

मावशींनी नवव्या रकान्यात 'नाही' लिहिलं, त्यापुढे 'शुक्रवारी पुन्हा' असं लिहिलं, आणि दुसरा कागद घेतला.