शरयूबाईंची राक्षसीण

शरयूबाईंचं माहेर सांगलीचं. वडील नाटककंपनीचे पडदे रंगवायचे, त्यामुळे अंगणात कधी राजवाडा वाळत पडलेला असे, तर कधी अख्खं अरण्य. लग्न होऊन त्या साताऱ्याला आल्या त्या ट्रंकेत लुगड्यांपेक्षा रंगांच्या वड्या जास्त घेऊनच. त्यांचे यजमान मधु मास्तर शाळेत गणित शिकवीत. चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण बायकोचे ब्रश धुऊन ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सांगलीत गोपाळकृष्णपंतांचा लहानसा छापखाना होता. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती आणि लग्नपत्रिका छापून कंटाळलेल्या पंतांनी मुलांसाठी एक गोष्टीचं पुस्तक काढायचं ठरवलं आणि चित्रं शरयूबाईंकडे सोपवली. राज्यातला सगळा गूळ एकटी फस्त करणाऱ्या राक्षसिणीची ती गोष्ट. राजपुत्र जमला, पोपट जमला. राक्षसीण काही केल्या जमेना. कशीबशी काढून त्या सांगलीला गेल्या, तर पंत चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,

"शरयूताई, ही तर हळदीकुंकवाला आलेली दिसते. हिला बघून मुलं पळायची नाहीत, पाया पडतील!"

शरयूबाई हिरमुसून परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन त्या खिडकीशी बसल्या होत्या, तोच गल्लीत आरडाओरडा झाला. दूध घालणाऱ्या भामाबाई मिठाईवाल्याशी भांडत होत्या. जवळच्या करंजे गावच्या या भामाबाई म्हणजे पुरुषभर उंच, आवाज देवळातल्या नगाऱ्यासारखा.

"दुधात पानी? माज्या? पुन्यांदा म्हन बगू!" कमरेवर मुठी, डोळे वटारलेले, पुढच्या दोन दातांत खिंड. मिठाईवाला मागं सरता सरता स्वतःच्याच परातीत बसला.

शरयूबाईंचा टाक कागदावर धावू लागला. भांडण मिटलं तेव्हा राक्षसीण तयार होती.

दिवाळीत पुस्तक आलं आणि पेठेतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला ओळखलं. भामाबाई दूध घेऊन आल्या की "राक्षसीण आली रे!" म्हणून गलका होई. कुणीतरी त्यांना कारण सांगितलं, तशा त्या तडक शरयूबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शरयूबाई स्वयंपाकघराच्या दाराआड दडल्या.

"त्या... देवळात गेल्यात," मधु मास्तर चाचरत म्हणाले.

"आन् पदर हितं दारात इसरून गेल्या व्हय?"

मग शरयूबाईंना बाहेर यावंच लागलं. "भामाबाई, माझं चुकलं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"ते ऱ्हाऊ द्या. पयलं पुस्तक दावा."

भामाबाईंना वाचता येत नव्हतं. चित्राचं पान उघडून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. दातांतल्या खिंडीवर बोट ठेवलं. कमरेवरच्या मुठी न्याहाळल्या. आणि एकाएकी अशा हसल्या, की शेजारच्या बायका धावत आल्या.

"आवं, ही तर मीच हाय की! आमच्या मालकांनी उभ्या जल्मात माज्याकडं एवढं निरखून बगितलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर बाई, गूळ कशाला खायला लावला? मला गुळानं पित्त हुतं."

त्या दिवसापासून भामाबाईंची दुधाची फेरी म्हणजे पेठेतला खेळच झाला. त्या चरवी खाली ठेवून ओरडत, "कुटं हाय गूळ?" आणि पोरं किंचाळत जिन्यात पळत, पुन्हा परत येत. दुधाला नाक मुरडणारी मुलंही राक्षसिणीच्या हातचं म्हणून पेला रिकामा करू लागली. पुस्तकाच्या सगळ्या प्रती खपल्या, पंतांनी ते पुन्हा छापलं, आणि नव्या पुस्तकाचा मजकूर घेऊन ते स्वतः साताऱ्याला आले. नेमक्या तेव्हाच भामाबाई दारात होत्या.

"ह्या बारीला मला रानी करा," त्यांनी फर्मावलं.

पंत हसले. शरयूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आठवडाभर खपून राणी काढली. कमरेवर मुठी, दातांत खिंड, समोर थरथरणारा प्रधान. चित्र न्यायला आलेल्या पंतांनी ते पाहून नकारार्थी मान हलवली. "राणी कशी नाजूक हवी. लोक काय म्हणतील?"

आजवर पंतांनी सांगावं आणि शरयूबाईंनी मुकाट्यानं चित्र बदलावं, असंच चालत आलं होतं. यावेळी त्या म्हणाल्या, "पंत, हिला राज्य सांभाळायचंय. नाजूक राणी हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

पंत घुटमळले. मधु मास्तर ब्रश पुसता पुसता थांबले. शेवटी पंत म्हणाले, "बरं बाई, हीच छापू."

पुस्तक आलं तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती. शरयूबाई आपण होऊन करंज्याला गेल्या. भामाबाईंनी अंगणात घोंगडं अंथरलं, साऱ्या गल्लीला हाक मारली आणि ते पान हातोहात फिरलं. त्यांचे मालक बराच वेळ एकदा चित्राकडे, एकदा बायकोकडे बघत बसले.

"जरा बारीक काडलीय," ते म्हणाले.

"गप बसा," राणी म्हणाली, आणि पाहुणीसाठी चुलीवर दूध चढवायला उठली.