माळवदाचं वजन

मला घेऊन जीप सुटली तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, हातसुद्धा हलवला नाही. पडलेल्या घराच्या ढिगावर उभे राहून ते दगडांना लाथा घालत होते, पाय रक्ताळेपर्यंत. भूकंपात आई आणि धाकटी बहीण सुमन त्याच दगडमातीखाली गेल्या. आणि आता अण्णा मला किल्लारीहून लातूरला, मामाकडे, क्लाससाठी धाडत होते. मी ओक्साबोक्शी रडत होतो.

गावात राहिलेल्यांनो, गाव सोडलेल्यांनो, माळवद तुम्हाला काय सांगायचं! लाकडावर मातीचं सपाट छत, आणि दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर. जुना थर कोण लेकाचा काढतो? "आपलं छत लई जाड हाय," अण्णा मिरवायचे. भूकंपाच्या पहाटे ते मला घेऊन शेतावर राखणीला होते, म्हणून आम्ही दोघं वाचलो. माती टाकणारा बाहेर राहिला आणि खालच्या चिरडल्या, हे त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

लातूरला क्लासमध्ये एकानं मला "ए ढिगारा" म्हणून हाक मारली. मी त्याचा दात पाडला. सरांनी मला फोडून काढलं. मग तो सगळा राग मी गणितावर काढला. पुढं नौदलात गेलो, पाणबुड्यांची डिझाइनं करायला लागलो.

तिथंही भांडलोच. मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले, पाणबुडीचा पत्रा आणखी जाड करा, सेफ राहील. माझं डोकंच फिरलं. मूठ आपटून ओरडलो, "जाड म्हणजे मजबूत नसतं, सर! माझी आई जाड छताखाली मेली!" भार पत्र्याच्या आतल्या गोल कड्या पेलतात, हे मग आकडे मांडून पटवलं. डिझाइन पास झालं.

फोनवर अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "पोरं आत झोपणार ना? मग आधी तू जा. छत घालणाऱ्यानं भाईर राहू न्हाई."

पाणबुडी बांधून झाली, तेव्हा पहिल्या चाचणीला गेलो. खोल पाण्यात दाबानं पत्रा करकरला, मग तोफ डागल्यासारखा दणका बसला. शेजारचा खलाशी पांढराफटक पडला. माझीही गाळण उडाली होती, पण तोंडानं मी समुद्राला आईबहिणीवरून शिव्या घालत होतो. पाणबुडी टिकली.

वर येताच अण्णांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "समदे वर आले का?"

"आले, अण्णा. समदे."

तेव्हा ते हमसून हमसून रडले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग नाक शिंकरून म्हणाले, "आधी त्या पोरांच्या आयांना कळीव."

नव्या किल्लारीत सरकारी घर आहे, इकडं नौदलाचं क्वार्टर आहे. पण घर कुठलं, असं कुणी विचारलं की माझ्या कानात अण्णाच बोलतात: समदे वर आले का?