दाजींचा वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा

माझे दाजी नांदेडला कापडाचं दुकान चालवतात. साधं अस्तर घ्यायचं तरी दोन बोटांत चुरगळून बघणारा हा माणूस. पण त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, डोहाळजेवण ठरलं आणि फोटो नवा कॅमेरा घेऊन घरच्या घरीच काढायचे असं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा काय झालं कोण जाणे! मला फोटोंचा नाद, म्हणून लातूरहून खास बोलावून घेतलं होतं. पण कॅमेऱ्याच्या दुकानात मला विचारतंय कोण? प्रत्येक कॅमेऱ्याला दाजींचा एकच प्रश्न, "मेगापिक्सेल किती?" बारावीचे मार्क विचारावेत तसा. ही खोड खरं तर आम्हा लातूरकरांची.

मग माझ्या गळ्यातल्या जुन्या कॅमेऱ्याकडे वळले. "तुमचा किती?"

"सोळा."

"आन् ह्यो एवढासा, तर वीस! झूमबी लई हाय. तुम्ही उगंच गळ्यात धोंडा वागवून राहिले."

मी समजावायला गेलो. कॅमेऱ्याच्या आत सेन्सर असतो, उजेड त्याच्यावर पडतो. माझ्या कॅमेऱ्यात तो टपालाच्या तिकिटाएवढा आहे, ह्याच्यात करंगळीच्या नखाहून लहान. एवढ्याशा जागेत दोन कोटी ठिपके कोंबल्यावर एकेकाच्या वाट्याला उजेड कितीसा येणार?

"म्हणजे ताट लहान आणि वाट्या जास्त," ताई म्हणाली. "मग वाट्या अंगठ्याएवढ्याच ठेवाव्या लागणार."

"हाव, पण पदार्थ तर वाढले ना!" दाजींनी तोच कॅमेरा घेतला.

डोहाळजेवण संध्याकाळी होतं. ऐन ओटी भरायच्या वेळी वीज गेली. इन्व्हर्टरवरचे दोन दिवे तेवढे मिणमिणत राहिले. बायका म्हणाल्या, थांबायचं कशाला, आणि कार्यक्रम तसाच पुढं चालू झाला. एका बाजूनं दाजी, दुसऱ्या बाजूनं मी, दोघंही फोटो काढत सुटलो.

दुसऱ्या दिवशी सगळे टीव्हीसमोर फोटो बघायला बसले. दाजींच्या फोटोत भाचीच्या हिरव्या साडीवर रवा सांडल्यासारखे दाणेच दाणे. चेहरा तर पाण्यातून बघावा तसा.

"साडीवर हे काय हाय?" दाजींनी डोळे बारीक केले.

"तुमच्याच दुकानातली आहे, तुम्हीच सांगा," ताई म्हणाली.

मग माझे फोटो लागले. एकात भाची ओटी सांभाळत हसत होती आणि पापणीवर पाणी आलेलं स्पष्ट दिसत होतं. दाजी उठून टीव्हीजवळ गेले. तिथूनच घसा खाकरून म्हणाले, "ह्यो दुकानात लावू. पण सोळात एवढा मोठा निघंल का?"

निघाला. हातभर उंचीची फ्रेम गल्ल्यामागं लागली. पुढं एकदा मी दुकानात बसलो असताना एका गिऱ्हाइकानं फोटोचं कौतुक केलं. "येणारच की चांगला! वीस मेगापिक्सेल हाय!" दाजींनी माझ्याकडं न बघता सांगितलं. मीही चहात लक्ष घातलं.

हिवाळ्यात आम्ही तिघं इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडला गेलो. लख्ख ऊन होतं. धबधब्यापलीकडच्या खडकावर एक खंड्या येऊन बसला. माझी लेन्स तिथवर पोचेना. दाजींनी खिशातून कॅमेरा काढला, झूम लांबवला, श्वास रोखला आणि बटण दाबलं. फोटो बघितला तर चोच, डोळा, छातीवरची पांढरी पिसं, सगळं जिथल्या तिथं. एवढ्या उजेडात त्या नखाएवढ्या सेन्सरलाही तक्रारीला जागा नव्हती.

"आता तुमचा दाखवा," दाजी म्हणाले.

मी दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ह्यात पक्षी कुठं हाय?"

मी एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ताईला हसू आवरेना, ती तिथंच दगडावर बसली. परतताना दाजी गाडी चालवत भोकरपर्यंत शीळ घालत होते.