सहाव्या मजल्यावरचं घर

लहानपणी पाल दिसली की ती घर डोक्यावर घ्यायची, म्हणून भावंडांनी तिला भित्री भागूबाई म्हणायला सुरुवात केली. लग्नानंतर 'भित्री' गळलं, भागूबाई तेवढी राहिली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिथे हात कधी चुकला नाही, पण घरी आली की मन चिंती ते वैरी न चिंती.

सध्या या भीतीला एकच विषय होता, घराचं कर्ज. फेडायला वीस वर्षं. नवऱ्याचा अख्खा पगार बँकेत जाणार आणि घर तिच्या पगारावर चालणार. मोठे दीर म्हणायचे, "भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालणं. तुझ्या भीतीला औषध नाही बघ, भागूबाई." घर तिलाही हवंच होतं. घरमालकीण भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नव्हती आणि दरवर्षी सामान बांधायची टांगती तलवार होतीच.

पण तिला मागचं वर्ष आठवायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. न तपासलेल्या लिफ्टवर सही करायला सांगितल्यावर त्याने तिथल्या साहेबाच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या, नोकरी सोडली आणि घरी आला. पुढचे तीन महिने, त्याला दुसऱ्या कंपनीत काम मिळेपर्यंत, ती दोघं शिल्लक मोडून, भाजीत पाणी वाढवून जगली, पण रात्री शांत झोपली. कर्ज डोक्यावर असतं तर त्याने किल्ल्या ठेवल्या असत्या का? हे तिने त्याला कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

त्या रविवारी इसाराचे पैसे द्यायला तिघं घर बघून ठेवलेल्या इमारतीत गेली. घर सहाव्या मजल्यावर. दलाल वर वाट बघत होता. पाच वर्षांची लेक उड्या मारत लिफ्टकडे धावली, तशी नवऱ्याने तिचा दंड इतक्या जोरात ओढला की पोर कळवळली.

"जिन्यानं जाऊ," तो म्हणाला.

भागूबाई लेकीला घेऊन त्याच्या मागे चढू लागली. हा माणूस लिफ्ट सोडून जिना? कुठल्याही इमारतीत गेला की आधी लिफ्टमध्ये शिरायचा, भिंतीला कान लावायचा, आणि पाहुणे म्हणून गेलो आहोत हे विसरून, "हिला तेल हवंय" म्हणायचा. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी स्वतः मारायची, मगच दुसऱ्याला आत सोडायचं, हा त्याचा नेम होता.

तिसऱ्या मजल्यावर तिने त्याला अडवलं. "ही लिफ्ट तुमच्याच कंपनीकडे आहे ना?"

"हो."

"काय झालंय तिला?"

तो पायरीवर बसला. "ब्रेक झिजलाय. थांबते त्याच्या बोटभर खाली घसरते. उद्या हातभर घसरेल. साहेबांना सांगितलं मी. म्हणाले, या इमारतीवाल्यांनी पैसे थकवलेत, थकबाकी येईपर्यंत चालू दे. वर म्हणाले, तुला बँकेसाठी पगाराचा दाखला हवाय ना?"

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"कधीची गोष्ट?"

"सोमवारची."

आठवडाभर लोक हिच्यातून वरखाली करत होते, आणि याच्या घशाखाली घास उतरत होता. अजून एक हप्ताही भरला नव्हता. तिला नवऱ्याचीच भीती वाटली.

"बंद केली तर दाखला गेला," तो खाली बघत म्हणाला. "नोकरीही जाईल. घर तर जाईलच. तू सांग, काय करू?"

तेवढ्यात लिफ्ट त्याच मजल्यावर आली. शेजारच्या दारातून एक आजोबा काठी टेकत निघाले आणि लिफ्टमध्ये शिरले. "काय हो, घर घ्यायच्या आधीच काटकसर? चला, या आत!"

दार मिटायला लागलं. भागूबाईला आपण काय करतोय ते कळायच्या आत तिची चप्पल दाराच्या फटीत गेली होती. "आजोबा, बाहेर या. आधी बाहेर या!"

"अहो, पण झालं काय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला उठायला वेळ लागला. तेवढ्या वेळात तिला वाटून गेलं, हा उठलाच नाही तर?

"ब्रेक गेलाय," तो शेवटी म्हणाला. "बंद करतोय मी." आणि दोनदोन पायऱ्या ओलांडत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे पळाला. आजोबा बाहेर आले. थोड्या वेळाने लिफ्टमधला दिवा विझला.

"आता मी खाली कसा जाऊ?" आजोबा कुरकुरले. "दुरुस्तीला कुणाला बोलवायचं?"

"यांनाच," ती म्हणाली. "पण उद्या हे त्या कंपनीत असतील की नाही, देव जाणे."

वरून दलाल ओरडला, "अहो वहिनी, येताय ना? किल्ली घेऊन उभा आहे मी!"

लेकीच्या दंडावर बोटांचे वळ उठले होते, ते ती चोळत बसली. नवरा जिना उतरून आला तेव्हा त्याच्या हातात फोन वाजत होता. साहेबांचा. पोरीने विचारलं, "बाबा, उचलत का नाही?"

त्याने भागूबाईकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली, आणि त्याने फोन कानाला लावला.