डोंगराला दिलेल्या बांगड्या

दिघीच्या कोळीवाड्यातल्या हिरामणला होडी लागायची. कुणाला बस लागते, कुणाला घाट लागतो, पण कोळ्याच्या पोराला होडी लागावी म्हणजे काय म्हणावं? किनारा दिसेनासा व्हायच्या आत तो पोटातलं सगळं दर्याला देऊन मोकळा व्हायचा. भावकी हसून हसून दमली, तेव्हा तो उठला आणि फौजेत भरती झाला. पायाखालची जमीन हलू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती.

लग्न मात्र रीतीप्रमाणे झालं. आमच्यात नवरी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते. माझ्या धन्याला सांभाळ, असा तो सौदा. म्हणून उजवा हात जन्मभर मोकळा आणि डाव्यात हिरवा चुडा. हिरामणच्या राहीनेही दिल्या. ज्या माणसाने दर्यावर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं त्याच्यासाठी दिल्या, पण लग्नाच्या गडबडीत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बासष्ट साली दिवाळीच्या तोंडावर चीनची लढाई लागली. हिरामणची पलटण तिकडे ईशान्येच्या सरहद्दीवर, नेफात होती. त्याची पत्रं यायची बंद झाली. गावात रेडिओ एकच, मार्तंड मास्तरांचा, त्यामुळे संध्याकाळी सगळे त्यांच्या ओटीवर. मास्तर ऐकून सांगायचे, आपले जवान शौर्याने लढत मागे येत आहेत. राहीला शौर्य कळलं आणि मागे येणंही कळलं. तिने विचारलं, "मास्तर, थितनं दर्या किती लांब?"

"तिथं कुठला दर्या, बाई? नुसते डोंगर आणि बर्फ."

राही घरी आली ती हिशोब करतच. दर्याला दिलं ते फुकट गेलं आणि ज्याच्या हातात माणूस आहे त्या डोंगराला आपण काहीच दिलं नाही. त्याने का म्हणून राखावं?

दुसऱ्या दिवशी मासळी वाळत घालून झाल्यावर सासूला न सांगता ती गावामागच्या डोंगरावर चढली. हा डोंगर त्या डोंगराच्या नात्यातला असेलच, असा तिचा विचार. वर एका धोंड्यापाशी बसून तिने डाव्या हातातल्या बांगड्या फुटू न देता एकेक करून उतरवल्या आणि धोंड्याखाली सारल्या. "माजा धनी तुज्याकडं हाय," ती म्हणाली. "सांभाळ त्याला."

ती उतरून आली तेव्हा सासू गोदूबाई अंगणात सुकट पाखडत होती. तिला सुनेचे दोन्ही हात मोकळे दिसले, कुंकू घामाने ओघळलेलं दिसलं. सूप टाकून म्हातारीने टाहो फोडला. राहीला वाटलं, आपण वर होतो तेवढ्यात तार आली. तिने तिथेच अंग टाकलं. सुनेचे हात बघून सासू रडते, सासूला बघून सून रडते, आणि दोघींना बघून सगळा कोळीवाडा. रडणाऱ्या बाईला कोण विचारणार, की बाई, नक्की ना? मास्तर टोपी काढून उभे राहिले. निघालेल्या होड्या परत ओढल्या. दयाराम तांडेल तेवढा चिवट. दिवसाचा धंदा बुडालेला बघून तो म्हणाला, "पर तार कुटं हाय?"

गोदूबाईने सुनेकडे बोट दाखवलं. राहीने सासूकडे.

पुढे गावाने जे तोंडसुख घेतलं ते सांगत बसत नाही. गोदूबाईने सुनेच्या थोबाडीत दिली, मग तिलाच पोटाशी धरून नव्याने रडली. "मीबी दर्याला दिल्या व्हत्या गो," ती म्हणाली. "तरी त्यानं तुजा सासरा ठेवला न्हाय. तू डोंगराला दे न्हायतर आभाळाला दे, पर आता नवा चुडा भर."

"दर्याला दिल्यावर उजवा हात भरतो का आपन?" राही म्हणाली. "ते येईस्तवर न्हाय भरनार."

कपाळाला कुंकू आणि हात मोकळे, अशी बाई गावाने पाहिली नव्हती. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. कुणी वाकडं बोललंच तर गोदूबाई त्याला फाडून खायची.

शिमग्याच्या आधी हिरामण आला. आगरदांड्याहून सुटलेली होडी दिघीला टेकली, सगळे उतरले, आणि तो काठी धरून होडीतच उभा. बर्फाने डाव्या पायाची बोटं नेली होती, त्यामुळे लोकांना वाटलं पाय दुखतोय. तो राहीच्या हातांकडे बघत होता. शेवटी तीच गुडघाभर पाण्यात शिरली.

"मी हाय गो," तो म्हणाला. "तुला कुनी काय सांगितलं?"

तिने सगळं सांगितलं. बांगड्या, डोंगर, रडारड, सगळं. होडीवाले हसले, हिरामण हसला नाही. येताना तो पलटणीतल्या सोबत्यांच्या घरी जाऊन आला होता. महाडकडे, साताऱ्याकडे. प्रत्येक घरी चहा पुढे करणारे हात असेच होते.

"मी आलो की आता," तो म्हणाला. "घाल बांगड्या."

"तुमच्या संगतीचे?"

"थितंच पडलेत. बर्फात. आनायला कुनी गेलं न्हाय."

राहीने त्याची ट्रंक उचलून डोक्यावर घेतली.

"मंग ऱ्हाऊ दे डोंगराकडंच," ती म्हणाली. "त्यांचंबी बघाया नको का कुनी?"